'सर्कस' मला आवडला. दगड मोजून मारा!

फ्यूजवायर | शनिवार, रात्री ९:४०

गेली सव्वीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकलची कंत्राटं घेतोय. सिनेमातलं मला फार कळतं असा दावा नाही, पण शॉक कशाला म्हणतात ते बऱ्यापैकी कळतं. म्हणून हा धागा.

रोहित शेट्टीचा 'सर्कस' २३ डिसेंबर २०२२ ला लागला. आम्ही नाताळच्या रविवारी गेलो. मी, बायको, सासूबाई, दोन मुलं, मेहुणा आणि त्याची नवी नवरी, असे सात जण. तिकिटं आधीच काढून ठेवलेली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मेहुणा मोबाईलवर परीक्षणं मोठ्याने वाचत होता. एकाने दीड तारा दिलेला, दुसऱ्याने एक. बायको म्हणाली, "वाचू नकोस, पैसे परत मिळणार आहेत का?" आत गेलो तर आमच्या रांगेत आम्हीच.

सासूबाईंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे हिंदी सिनेमात त्या सहसा पेंगतात. इथे पेंगल्या नाहीत. मध्यंतरात मला विचारतात, "हा आत्ताचा उटीचा की बंगलोरचा?" म्हटलं बंगलोरचा. "मग मघाशी मार खाल्ला तो?" तोही बंगलोरचाच. त्यावर त्या अशा काही हसल्या की पुढच्या रांगेतल्या एकमेव जोडप्याने मागे वळून पाहिलं. दोन जुळ्या जोड्या, नावंही तीच, रॉय आणि जॉय. ऐकू न येता एवढा गोंधळ डोळ्यांनी कळतो, हे मी दिग्दर्शकाचंच काम समजतो.

गेल्या आठवड्यात घरी परत पाहिला. अजूनही आवडला. आणि डोक्यात एक प्रश्न आला. ज्याने ज्याने या सिनेमाला झोडला, त्याने पहिल्या नाहीतर दुसऱ्या वाक्यात 'अंगूर' काढला. अहो, गुलजारांचा 'अंगूर' १९८२ चा, गोष्ट हीच, दोन जुळ्या जोड्यांची. तो चांगला आहे हे का नाकारतोय कोणी? पण आधीचा चांगला होता हा नंतरच्याचा गुन्हा कसा? इमारतीचं जुनं वायरिंग चाळीस वर्षं टिकलं म्हणून नवं घालणाऱ्याला शिव्या घालायच्या का?

ठाणे-नवी मुंबईत माझ्यासारखा दुसरा कोणी आहे का? असेल तर हात वर करा. नसेल तर दगड मारा, मोजून.

नाटकी_नौपाडा | रात्री ९:५२

तब्येत बरी आहे ना?

कोपरीचा_बंड्या | रात्री ९:५८

अर्धा हात वर. सिद्धार्थ जाधवसाठी. केसांचा तो कोंबडा करून नुसता उभा राहिला तरी हसू येतं. आपला माणूस आहे म्हणून सांगत नाही. (आपला माणूस आहे म्हणूनच सांगतोय.)

सायली_ऐरोली | रात्री १०:०५

दगड नंबर १. माझ्या दोन मुलांना घेऊन गेले होते. धाकटा विसाव्या मिनिटाला झोपला, मोठ्याने मध्यंतरात विचारलं, "आता जोक सुरू होणार का?" पॉपकॉर्न तिकिटाहून महाग पडले, ते दुःख वेगळंच. पहिला तासभर नुसती ओळखपरेड! कोण कुठल्या गावचा, कोणाचा कोण. विनोदी सिनेमाला एवढी प्रस्तावना कशाला लागते?

ता. क. फ्यूजवायरकाका, तुम्ही इलेक्ट्रिकलवाले आहात म्हणून विचारते. आमचा एमसीबी, तो आपोआप बंद होणारा मेन स्विच, सारखा पडतो. गीझर लावला की दोन मिनिटांत खटक. काय असेल?

तलावपाळी | रात्री १०:११

धाग्याचं भवितव्य ठरलं. शंभरी गाठेल ती गीझरवर.

नाटकी_नौपाडा | रात्री १०:३४

बरं, तब्येत बरी आहे असं धरून नीट उत्तर देतो. पंधरा वर्षं हौशी रंगभूमीवर फार्स केलेत, पडलेत आणि पाडलेतही, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

तुलना 'अंगूर'शी करू नका म्हणता, पण ती करावीच लागते, कारण गोष्ट तीच आहे आणि एका ठिकाणी तिचा खिळाच काढून टाकलाय. 'अंगूर'मध्ये बाहेरगावाहून आलेला अशोक द्राक्षाच्या बागेच्या सौद्यासाठी पैसे घेऊन आलेला असतो आणि रात्रंदिवस गुप्तहेर कादंबऱ्या वाचतो. म्हणजे माणूस मुळातच संशयी. आता त्याला परक्या गावात रस्त्यात कोणी नावाने हाक मारली, कोणी घरी चला म्हणालं, कोणी दागिना हातात ठेवला, की हे सगळे टोळीवाले आहेत आणि आपल्या पैशांवर डोळा ठेवून आहेत याची त्याला खात्रीच पटते. त्यामुळे 'आपला कोणी जुळा असेल का' हा साधा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही, आणि प्रेक्षकालाही तो का येत नाही असं वाटत नाही. फार्समध्ये सगळ्यात अवघड काम हेच. पात्राने मूर्खपणा करायचा आणि त्याच्या जागी तो शहाणपणा वाटला पाहिजे. संजीवकुमार घाबरून दरवाज्याला कड्या लावतो तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात एक कडी लावता.

'सर्कस'मधला रॉय, दोन्ही रॉय, नुसते सज्जन. त्यांना कसला संशय नाही, भीती नाही, लोभ नाही. गोंधळ त्यांच्यावर येऊन आदळतो आणि ते बिचारे बघत राहतात. रणवीर सिंगसारखा माणूस घेऊन त्याला दोन्हीकडे सोज्वळ ठेवायचा, हे म्हणजे मामलेदारची मिसळ मागवून तर्री बाजूला काढून ठेवण्यासारखं.

'अंगूर'मधल्या देवेन वर्मांबद्दल तर बोलतच नाही. भांग घातलेली भजी खाऊन त्यांनी जे केलंय तसं नंतर कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही.

फ्यूजवायर | रात्री ११:०२

नाटकीसाहेब, संशयाचा मुद्दा पटला. सज्जनपणाचा दोष मान्य. एक दगड बसला.

पण एक सांगा, 'अंगूर'मध्ये नव्हतं असं या सिनेमात काय आहे? करंट! सर्कशीतला रॉय उघड्या तारा हातात धरतो, त्याला काही होत नाही. त्याच वेळी बंगलोरचा रॉय थरथरतो आणि त्याला हात लावणारा प्रत्येक जण उडतो. परीक्षणवाल्यांनी याला बालिश म्हटलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. मध्येच कुठे गळाला तर आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून लाइन तोडणारा स्विच, पडतो, घरात साधारण ३० मिलिअँपिअरच्या फरकालाच. इथे एका भावाने घेतलेला दुसऱ्यातून बाहेर पडतोय. माझ्या दृष्टीने हिशेब जुळला, सर्किट पूर्ण. दोघांना ठाऊक नाही की आपण एकाच लाइनवर आहोत, पण अख्ख्या थिएटरला ठाऊक आहे. जुळ्यांची गोष्ट याहून सोपी करून कोणी सांगितली असेल तर दाखवा.

सायलीताई, आधी एक बघा. पडतो तो साधा एमसीबी की शेजारचा 'टेस्ट'चं बटण असलेला? बटणवाला असेल तर करंट गळतोय, बहुतेक गीझरच्या एलिमेंटमधून. साधा असेल तर लोड किंवा शॉर्ट. तोवर गीझरचा स्विच बंद ठेवा. आणि कोणी सांगितलं तरी तो बायपास करू नका.

मीठभाकर | रात्री ११:०९

"सर्किट पूर्ण" हे समीक्षेचं वाक्य म्हणून फ्रेम करून लावणार आहे.

खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी ७:४८

वाशीहून सुप्रभात. फ्यूजवायर, तुमची बाजू घ्यायला मी शेक्सपिअर आणलाय.

'अंगूर' आणि 'सर्कस' दोन्ही ज्यावरून आले तो 'कॉमेडी ऑफ एरर्स' हा त्याचा स्वतःचा माल नाही. प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराच्या नाटकात जुळ्यांची एकच जोडी होती. शेक्सपिअरने नोकरांची दुसरी जोडी घातली आणि तीही प्लॉटसच्याच दुसऱ्या एका नाटकाच्या धर्तीवर. आपल्याकडे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये 'भ्रांतिबिलास' म्हणून ते बंगालीत आणलं, त्यावर १९६३ मध्ये उत्तमकुमारचा सिनेमा आला. मग १९६८ मध्ये हिंदीत 'दो दूनी चार', किशोरकुमार आणि असित सेन. त्याची पटकथा गुलजारांची. चौदा वर्षांनी त्याच गुलजारांनी तीच गोष्ट पुन्हा केली, तो 'अंगूर'. म्हणजे ज्याला तुम्ही मूळ म्हणून देव्हाऱ्यात बसवलाय तो रीमेकचा रीमेक आहे, आणि गुलजारांचा तर स्वतःच्याच पेपरला दुसरा अटेम्प्ट.

नाटकी_नौपाडा | सकाळी ८:१५

शेक्सपिअरच्या आडून रोहित शेट्टीला वाचवू नका. वंशावळ मोठी असली म्हणून पणतू हुशार निघतोच असं नाही.

खाडीपलीकडचा | सकाळी ८:२१

मान्य. पण पणतूला 'आजोबांसारखा नाही' म्हणून झोडू नका, त्याच्या स्वतःच्या मार्कांवर झोडा. काल तुम्ही संशयाचा मुद्दा मांडलात तसं. परीक्षणांमध्ये तेवढं कोण लिहितो? "अंगूरचा अपमान" लिहून मोकळे.

आता खरा बॉम्ब टाकतो. 'अशी ही बनवाबनवी' रीमेक आहे.

कोपरीचा_बंड्या | सकाळी ८:२३

शब्द मागे घ्या.

सायली_ऐरोली | सकाळी ८:३०

बनवाबनवीला हात लावायचा नाही. खाडीपूल बंद करण्यात येईल.

खाडीपलीकडचा | सकाळी ८:४४

घ्या पूल बंद करून, ट्रॅफिक तसंही हलत नाही.

हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६. विश्वजीत, मेहमूद, केश्टो मुखर्जी. घर मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघांना बायका बनवून मालकाकडे आणतात. तोही मुळात बंगाली 'जय माँ काली बोर्डिंग' या १९५५ च्या सिनेमावरून. हृषिदांचं नाव असूनही चालला नाही, आज फारसा कोणाला आठवतही नाही. १९८८ मध्ये सचिन पिळगावकर आणि वसंत सबनीसांनी तीच गोष्ट घेतली, पुण्यात आणून ठेवली, सुधीर जोशींना घरमालक केलं, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंना मोकळं सोडलं आणि पुढचं तुम्हाला पाठ आहे. 'सत्तर रुपये' म्हटलं की अजून लोक 'वारले' म्हणतात. २००९ मध्ये त्यावरून हिंदीत 'पेइंग गेस्ट्स' झाला. तो तुमच्यापैकी कोणी पाहिलाय का? नाही ना? म्हणजे बंगालीतून हिंदी, हिंदीतून मराठी, मराठीतून परत हिंदी, आणि यात अमर झाला तो मधला मराठी.

आता सांगा, १९८८ मध्ये कोणी "हृषिदांचा अपमान" असं लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

तलावपाळी | सकाळी ९:०२

आमच्या मातोश्रींनी पेपर बंद केला असता.

'धूमधडाका' पण घ्या यादीत. १९६४ चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यावरून १९६६ चा हिंदी 'प्यार किए जा' आणि त्यावरून महेश कोठारेंचा. पण अशोक सराफांचं ते 'व्याख्या विख्खी वुख्खू' कुठल्या तमिळमध्ये होतं? ते इथलंच. माझ्या मते रीमेक त्या एका जागेवर जगतो किंवा मरतो. जुन्यात नसलेलं काहीतरी असं हवं की लोकांनी ते घरी न्यावं.

फ्यूजवायर | सकाळी ९:१०

करंट! मी सासूबाईंना घरी नेलं, तेव्हा त्या गाडीत शेजारच्या प्रत्येकाला बोट लावत होत्या.

सायली_ऐरोली | सकाळी ९:१४

बघितलं. पडतोय तो बटणवालाच.

फ्यूजवायर | सकाळी ९:१७

मग एलिमेंट. भोक पडलं असेल, पाणी आत जातंय. त्या भागातलं पाणी जड असेल तर क्षारही साचतात. इलेक्ट्रिशियनला मेगर (गळती तपासायचं मीटर) घेऊन यायला सांगा, नुसता टेस्टर घेऊन आला तर परत पाठवा.

मीठभाकर | सकाळी १०:२६

'सर्कस' नावाच्या सिनेमात सर्कस किती होती हो? माझी तक्रार तेवढीच आहे. विष्णुपंत छत्रे, आपले मराठी गृहस्थ, यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. त्या मातीतला प्रेक्षक तिकीट काढून जातो आणि त्याला काय दिसतं? एक माणूस दोन तारा धरतो, बस्स. झोके कुठे, मौत का कुआँ कुठे?

लहानपणी ठाण्यात तंबू लागायचा तेव्हा आम्ही संध्याकाळच्या खेळाला जायचो. खेळापेक्षा मला तंबूमागचा वास आठवतो, ओला भुसा, डिझेल आणि जनावरं. नंतर वाघ-सिंह, माकडं, अस्वलं यांना बंदी आली, योग्यच झालं, पण तंबूतली अर्धी गर्दीही गेली. सिनेमातली सर्कस एवढी धुतलेली, इस्त्री केलेली, की तिथे भुसाही परफ्यूम लावून टाकला असेल. उटी तर केकवरच्या आयसिंगसारखी.

कोपरीचा_बंड्या | सकाळी १०:४०

मौत का कुआँ जत्रेत असतो काका, सर्कशीत लोखंडी पिंजऱ्याचा गोल असतो.

मीठभाकर | सकाळी १०:४३

बरोबर. वय झालं. पण तो गोलही नव्हता!

आई_दोघींची | दुपारी १:२०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. आमची धाकटी मुलगी दत्तक आहे. 'सर्कस' मी त्यामुळे जरा वेगळा पाहिला.

त्यात अनाथाश्रम चालवणारा डॉक्टर जाणूनबुजून जुळ्यांची अदलाबदल करतो, दोन्ही घरांत प्रत्येक जोडीतला एकेक देतो. त्याला दाखवायचं असतं की मूल रक्तावर नाही, वाढवण्यावर घडतं. मूळ नाटकात जुळे वादळात ताटातूट होऊन वेगळे होतात. इथे वादळाच्या जागी एक माणूस आणि त्याचा विचार घातलाय. विनोद बरे-वाईट असतील, मला निम्मेच आवडले, पण या बदलाबद्दल एकाही परीक्षणात धड ओळ सापडली नाही. माझ्या मोठीला तो भाग समजला आणि तिने धाकटीकडे बघून जीभ काढून दाखवली. आमच्या घरी याचा अर्थ 'ऐकलंस ना' असा होतो.

नाटकी_नौपाडा | दुपारी १:४४

हा बदल माझ्याही नजरेतून सुटला होता, प्रांजळपणे सांगतो. पण ताई, भावांना मुद्दाम तोडून प्रयोग करणारा डॉक्टर सिनेमाला देवमाणूस वाटतो, ते तुम्हाला खटकलं नाही का? मला तर तो आधी पोलीस स्टेशनला न्यावासा वाटला.

आई_दोघींची | दुपारी १:५५

खटकलं. भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवावं या मताची मी आहे. पण फार्समध्ये बापाला पोलीस स्टेशनला न्यायला लागलो तर एकही पात्र घरी उरणार नाही.

तलावपाळी | दुपारी २:१०

त्याच आठवड्यातली आमची फजिती ऐका. ३० डिसेंबरला 'वेड' लागला. तोही रीमेकच बरं का, २०१९ च्या तेलुगू 'मजिली'चा, पण त्याच्यावर आपण सगळे तुटून पडलो आणि 'सर्कस'चे शो बघता बघता कमी झाले. मी आणि नवरा 'वेड'ची तिकिटं घेऊन अंधारात घुसलो ते चुकीच्या पडद्याला. समोर रणवीर. नवरा म्हणतो, "रितेशने पाहुणा कलाकार म्हणून बोलावला असेल." दहा मिनिटं आम्ही रितेशची वाट बघत बसलो! मग डोअरकीपरने बॅटरी मारून बाहेर काढलं. नवरा अजून सांगतो की ती दहा मिनिटं वाईट नव्हती.

पूर्वी मल्हारला हे होत नसे. एकच पडदा. चुकणार कुठे?

खाडीपलीकडचा | दुपारी २:२२

आमच्या वाशीच्या मेघराजची आठवण काढलीत. तिथे मागच्या रांगेतला माणूस संवाद आधीच म्हणायचा. 'सर्कस' तिथे लागला असता तर मागून कोणीतरी "अरे दुसरा आहे तो, दुसरा!" म्हणून ओरडला असता. आता प्रत्येक जण आपापल्या रिक्लायनरमध्ये झोपून हसतो, आणि झोपलेल्या माणसाचं हसू शेजाऱ्याला लागत नाही.

जुळ्यातला_धाकटा | संध्याकाळी ६:०५

कळव्याला राहतो. आयडी पाहून कळलंच असेल, या विषयावर बोलायचा माझा जन्मसिद्ध हक्क आहे. सात मिनिटांनी धाकटा. भाऊ आता खारघरला.

जुळ्यांच्या सगळ्या सिनेमांत एक थाप असते. कोणीही विचारत नाही, "तुम्हाला जुळा भाऊ आहे का?" प्रत्यक्षात हा पहिला प्रश्न असतो. भाऊ कळव्यात होता तेव्हा त्याची उधारी आमच्या भाजीवाल्याने तीन वेळा माझ्याकडे मागितली. पहिल्यांदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा भांडलो. तिसऱ्यांदा कंटाळून म्हटलं, "हो, उद्या देतो." दुसऱ्या दिवशी भाऊ गेला तर भाजीवाला त्याला म्हणतो, "काल कबूल झालात आणि आज परत नाही म्हणता?" त्याने मुकाट पैसे दिले आणि घरी येऊन माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

सांगायचं काय, तर नाटकीसाहेब म्हणतात तो संशय, ती चिडचिड 'अंगूर'मध्ये अचूक आहे. लोक आपल्याला आपण नसलेल्या माणसाच्या नावाने गाठतात तेव्हा असंच डोकं फिरतं. 'सर्कस'मध्ये तसं डोकं कोणाचंच फिरत नाही. फिरतं ते फक्त संजय मिश्राचं. रॉय आपल्या मुलीला फसवतोय अशी त्याची पक्की खात्री असते, आणि म्हणूनच तो असतो तेव्हा सिनेमा पळतो. पण काकांचा करंट... हसू नका, भावाला डेंग्यू झाला होता तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नव्हती, आणि मला कोणी कळवलेलंही नव्हतं. योगायोग असेल. आमच्या आईला मात्र तो सिनेमा शंभर टक्के खरा वाटतो.

मत: सिनेमा पाचपैकी दोन. करंट पाचपैकी चार.

फ्यूजवायर | संध्याकाळी ६:३०

धाकटेभाऊ, संजय मिश्राचं तुम्ही बरोबर पकडलंत. दोन वेळा पाहून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. ज्याला खात्री आहे तोच हसवतो. मग माझी मूळ तक्रार बदलून लिहितो. हा सिनेमा 'अंगूर'पेक्षा कमी आहे म्हणून वाईट नाही, दोन्ही रॉयना चिडायला लावलं नाही म्हणून अर्धा राहिला. उरलेला अर्धा मला पुरतो.

नाटकी_नौपाडा | सोमवार, रात्री ११:५०

आज घरी पुन्हा पाहिला. तुमच्यामुळे. पहिल्या तासात दोनदा उठलो, एकदा चहाला आणि एकदा उगाच. संजय मिश्रा गाडीमागे लागतो तिथे एकदा मोठ्याने हसलो. बायको आतून विचारायला आली, काय झालं. माझं मत बदललेलं नाही. पण हसलो ते नोंदवतो, लपवणं बरं नव्हे.

फ्यूजवायर | मंगळवार, सकाळी ७:०५

एकदा हसलात ना? व्हिजिट चार्ज पाठवतो.

सायली_ऐरोली | बुधवार, रात्री ८:१५

काका, एलिमेंटच होतं. काढलं तेव्हा मधोमध चीर आणि वर बोटभर पांढरा थर. नवीन बसवलं, आता बटणवाला गप्प आहे. शतशः धन्यवाद.

इलेक्ट्रिशियन मेगर घेऊनच आला होता. तो काम करत असताना माझी दोन्ही दिवटी शेजारी उभी. धाकट्याने, हो, विसाव्या मिनिटाला झोपलेल्यानेच, त्याला विचारलं, "तुम्ही वायर धरली की तुमच्या भावाला शॉक लागतो का?" तो बिचारा म्हणाला, "भाऊ गावाला असतो." यावर दोघं जे खिदळायला लागलेत ते अजून थांबलेले नाहीत. एकाने स्टीलचा चमचा धरायचा, दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत थरथरत जमिनीवर पडायचं, हा खेळ दोन दिवस चालू आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करून गेल्या.

सिनेमा तरीही वाईटच आहे.

फ्यूजवायर | बुधवार, रात्री ८:१९

चमचा लाकडी द्या.